पगारवाढ की वेळेची लूट?

रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. आज हिंजवडीच्या संगणक कंपनीतील पदवीधराचा तोच रविवार पुन्हा मालकाकडे गहाण पडला आहे. सुटीच्या दिवशी येणारा साहेबाचा निरोप तो निमूटपणे झेलतो. कारण मार्चअखेरची पगारवाढ साहेबाच्या मर्जीवर टांगलेली असते.

त्या पगारवाढीचा हिशेब एकदा मांडून पाहू. आठवड्याला ४८ तास राबणाऱ्याचा पगार १० टक्क्यांनी वाढला आणि काम ६० तासांवर गेले, तर त्याचा तासाचा मोबदला १२ टक्क्यांनी घटला! वाढीच्या नावाखाली मालकाने श्रम स्वस्तात खरेदी केले. इकडे केंद्र सरकारचीच २०२४-२५ ची आर्थिक पाहणी सांगते की, २०२३-२४ मध्ये बड्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या अवघ्या १.५ टक्क्यांनी. मग वाढत्या कामाचा भार कोणाच्या पाठीवर पडला?

कायदा आहे, तशी पळवाटही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने जादा कामाला दुप्पट दर ठरविला; परंतु व्यवस्थापकीय व पर्यवेक्षकीय पदे त्यातून वगळली. हाताखाली एकही माणूस नसलेल्याला ‘मॅनेजर’ ही पदवी बहाल केली की मालकाचे काम भागते. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत रोजचे ९ तास १० करण्यास मान्यता दिली. आठवड्याला ५५ तासांहून अधिक काम केल्यास पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच बजावले होते. मालकवर्ग मात्र या थकव्याला नोकराचा दुबळेपणा म्हणतो आणि नवी भरती टाळतो.

पांढरपेशा नोकर स्वतःला कामगार समजत नाही, हीच मालकाची खरी ठेव आहे. ती मोडणे हे कार्यकर्त्यांचे काम. प्रत्यक्ष तासांची नोंद, पदनाम न पाहता जादा कामाचा मोबदला, सुटीत निरोप न स्वीकारण्याचा हक्क आणि वेतनवाढीचा सामुदायिक करार, या मागण्या घेऊन त्यांनी कंपन्यांच्या दारापर्यंत गेले पाहिजे. १८८४ साली लोखंडे यांनी सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन उभे केले, तेव्हा संघटनेला कायद्याचा आधार नव्हता. आज तो हक्क घटनेने दिला आहे. उणीव आहे ती एकत्र येण्याची.