बर्फ न पडणाऱ्या गावाचा हिवाळा

‘आपल्याकडे थंडी ती काय?’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, त्यात एक निकाल दडलेला आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नेसरी आणि तिच्या आसपासची गावे घेतली, तर दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत पहाटेचा पारा बहुधा दहा ते पंधरा अंशांच्या दरम्यान घुटमळतो. हिमवर्षाव तर सोडाच, येथे दवबिंदूही क्वचितच गोठतात. हवामानखात्याच्या व्याख्येनुसार मैदानी प्रदेशात थंडीची लाट जाहीर व्हावयाची, तर किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली उतरावे लागते आणि सामान्यतः ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असावे लागते. ही अट आमच्या भागात फार थोड्या दिवशी पुरी होते. परिणामी येथील थंडी बातमीत येत नाही, सरकारी दप्तरात येत नाही आणि अंदाजपत्रकात तर मुळीच येत नाही. जी आपत्ती मोजली जात नाही तिच्यावर खर्चही होत नाही, हा राज्यव्यवहाराचा जुना नियम आहे. परंतु ज्याचा खर्च सरकार करीत नाही त्याचा खर्च कोणालाच करावा लागत नाही, असे मात्र नाही. तो कोण करते, हे पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

या प्रदेशाला बर्फ अगदीच अपरिचित आहे असेही नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार नेसरीच्या खिंडीत धारातीर्थी पडले. त्या भूमीतील गावांना सैन्यात मुलगे पाठविण्याची परंपरा नवी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावास, म्हणजे आमच्या उंबरठ्यावरच आहे. एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सैन्य सियाचीनवर पोहोचले. तेव्हापासून हिमनदी, हिमदंश हे शब्द येथील घरांत पत्रांतून आणि पुढे दूरध्वनीवरून येत राहिले. त्या उंचीवर जवानाला खास पोशाख, खास पादत्राणे आणि निवाऱ्यात रॉकेलची शेगडी मिळते. त्याविना तेथे माणूस टिकणार नाही, हे राष्ट्राने मान्य केले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच जवानाची वृद्ध आई गावाकडे पहाटे पत्र्याच्या छपराखाली जी कुडकुडते, तिची दखल घेणारा एकही रकाना कोणत्याही तक्त्यात नाही. मुलाची थंडी बर्फामुळे दिसते. आईची थंडी बर्फ नसल्यामुळे दिसत नाही.

बर्फाने शिकविलेले घर

बर्फाळ प्रदेशातील माणूस हिवाळ्याला बिचकतो आणि म्हणूनच त्याची बेगमी करतो. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ सुरू होतो. त्यापूर्वीच भोपळा, वांगी, टोमॅटो यांच्या फोडी उन्हात वाळवून ठेवलेल्या असतात, जळण आणि कोळसा रचून ठेवलेला असतो. फेरनच्या आत धरावयाची कांगडी, म्हणजे वेताच्या विणीत बसविलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे, हे तेथील घरोघरचे साधन आहे. आपल्याकडे अशी बेगमी होते ती पावसाळ्यासाठी. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, लोणची होतात, शेणी थापून रचल्या जातात, कौले परतली जातात. चार महिने घरात कोंडून घालणारा आपला ऋतू पावसाचा. तोच आपला बर्फ. हिवाळा मात्र आपल्या हिशेबी सुगीचा, कष्टाचा आणि कमाईचा काळ. त्यासाठी घराची तयारी करावी लागते ही कल्पनाच आपल्या लोकव्यवहारात रुजली नाही.

या समजुतीची किंमत काय पडते, याचा अंदाज एका विलक्षण युरोपीय अनुभवावरून येतो. २००३ साली चौदा युरोपीय देशांचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात इतर ऋतूंपेक्षा किती जादा मृत्यू होतात, हे त्यात तपासले होते. कडाक्याच्या थंडीच्या देशात हे प्रमाण सर्वाधिक असेल, असे कोणालाही वाटेल. आकडे उलटे निघाले. बर्फाने झाकल्या जाणाऱ्या फिनलंडमध्ये ही वाढ सुमारे १० टक्के होती, तर सौम्य हवेच्या पोर्तुगालमध्ये ती २८ टक्के होती. फिनलंडच्या भिंती जाड, खिडक्या दुहेरी, घरे उबदार. पोर्तुगालमध्ये ‘आपल्याकडे थंडी ती काय’ या भरवशावर बांधलेली घरे. तेव्हा माणसाचा जीव केवळ बाहेरच्या पाऱ्यावर अवलंबून नसतो. आतल्या भिंतीवर, छपरावर आणि अंथरुणावरही तो तितकाच अवलंबून असतो.

भारतातील अनुभव याहून फार निराळा नाही. देशातील लाखो मृत्यूंच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, अतितीव्र थंडीशी किंवा अतितीव्र उष्म्याशी निगडित मृत्यूंपेक्षा मध्यम थंडीशी निगडित मृत्यूंचे प्रमाण अधिक आहे. पक्षाघात, हृदयविकार आणि श्वसनाचे रोग यांतून हे मृत्यू ओढवतात. त्याचे एक कारण सरळ आहे. तीव्र थंडीचे दिवस थोडे, मध्यम थंडीचे दिवस पुष्कळ. शिवाय असा मृत्यू ‘थंडीने झाला’ असे कोणी म्हणत नाही. म्हातारा दम्याने गेला, म्हातारी झोपेतच गेली, एवढेच गाव म्हणते.

छप्पर, चूल आणि धूर

आता नेसरीसारख्या गावातील घराकडे पाहू. जुने घर मातीच्या जाड भिंतींचे आणि कौलांचे. कौलांच्या फटींतून वारा येतो खरा, पण त्याच फटींतून धूर बाहेरही जातो. मातीची भिंत दिवसाचे ऊन साठवून रात्री थोडेथोडे परत देते. कौल शाकारणे परवडेना, वानरांचा उपद्रव सोसवेना, म्हणून अनेकांनी पत्रा घातला. पत्रा दुपारी तापतो आणि पहाटे बर्फासारखा गार पडतो. २०१६ पासून राबविल्या जाणाऱ्या ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर अभिप्रेत आहे. हे पाऊल मोठे आहे, यात शंका नाही. परंतु ‘पक्के’ याचा व्यवहारातील अर्थ न पडणारे व न गळणारे घर एवढाच घेतला जातो. ते आतून किती उबदार राहील, हा प्रश्न हप्ता देताना कोणी विचारीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये समशीतोष्ण व थंड प्रदेशांतील घरांसाठी आतील तापमान किमान १८ अंश असावे, अशी मर्यादा सुचविली आहे. पौषातील पहाटे पत्र्याखालच्या खोलीत तापमापक टांगून पाहावा. आपण त्या मर्यादेच्या किती खाली राहतो हे प्रत्येकाला स्वतःच वाचता येईल.

ही तूट भरून निघते ती चुलीने आणि चुलीची तूट भरून निघते ती बाईच्या वेळेने. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून देशात दहा कोटींहून अधिक गॅसजोडण्या दिल्या गेल्या. तरीही २०२४-२५ पर्यंत या योजनेतील कुटुंब वर्षाला सरासरी चार-साडेचार टाक्यांवर गेले नव्हते. टाकी चहाला आणि पाहुण्याला. अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण आणि सकाळच्या भाकऱ्या चुलीवर. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. हिवाळ्यात चूल दोन कामे करते, स्वयंपाक करते आणि घर तापविते. गॅसची शेगडी दुसरे काम करीत नाही. मग दार लोटून घेतले की ऊबही आत राहते आणि धूरही. गरिबाच्या घरी ऊब आणि धूर हे एकाच मोळीने विकत मिळतात, आणि ती मोळी बाईच्या डोक्यावरून येते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे इतका वेळ विनावेतन घरकामात जात होता; पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दोघांचाही भार थोडा हलका झाला, पण दोघांतील अंतर जवळजवळ तसेच राहिले. ही सरासरी बारा महिन्यांची. पाणी तापविणे, वाकळा वाळविणे, पहाटे सर्वांच्या आधी उठून जाळ करणे ही हिवाळ्याची जादा मिनिटे त्यात वेगळी दिसत नाहीत. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकवितो की, ज्या वस्तूला किंमत नसते तिचा अपव्यय होतो. स्त्रीच्या वेळेचे नेमके हेच झाले आहे.

कोपीतील हिवाळा

आणि ज्यांना घरच नाही त्यांचे काय? साखर कारखान्यांची चाके फिरू लागली की बीड, जालना आणि अन्य भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आमच्या शिवारात उतरतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ अशी त्यांची मोजणी होते; माणसे मोजली जात नाहीत, हत्यार मोजले जाते. उचल घेतलेली असते, ती फेडावयाची असते. उघड्या माळावर बांबूच्या कमानी, वर पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद, जमिनीवर ओल; या कोपीत तान्ही मुले आणि म्हातारी माणसे हंगाम काढतात. बाई अंधारातच उठते, भाकऱ्या थापते आणि दवाने भिजलेल्या उसात शिरते. नदीकाठच्या उसाच्या फडातील पहाटेचा गारठा ज्याने अनुभवला असेल, त्याला पाऱ्याचा आकडा सांगावा लागणार नाही.

येथे कायद्याची एक विचित्र गंमत आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये झालेल्या कायद्यात मजुरांना योग्य निवासस्थान देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर होती. त्याखालील केंद्राच्या १९८० च्या नियमांत तर असे म्हटले होते की, जेथे तापमान २० अंशांखाली जाते तेथे दर दोन वर्षांनी एक लोकरी कोट व एक लोकरी विजार द्यावी. २० अंश! म्हणजे थंडी ही बर्फापाशी सुरू होत नाही, हे या देशाच्या नियमकर्त्यांना ठाऊक होते. परंतु बीडचा मजूर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून नेसरीला आला, तरी तो राज्याची हद्द ओलांडत नाही. म्हणून ‘आंतरराज्य’ या शब्दात तो बसत नाही. तोच मजूर थोडे पुढे जाऊन बेळगाव जिल्ह्यातील फडात उतरला असता, तर व्याख्येत बसला असता. आता तो कायदा २०२० च्या व्यवसायसुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. राज्याच्या हद्दीची ही अट मात्र कायम आहे. थंडीला सीमाप्रश्न ठाऊक नसतो, कायद्याला आहे.

वीस पैशांचा हिशेब

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते: खर्च कोण सोसणार? तेव्हा हिशेब मांडू. एक कोयता दिवसाला दीड टन ऊस तोडतो आणि हंगाम शंभर दिवसांचा असतो असे धरले, तर एका जोडप्याच्या हातून दीडशे टन ऊस जातो. टनामागे वीस रुपये बाजूला काढले, तर प्रत्येक कोयत्यामागे तीन हजार रुपये उभे राहतात. एक जाड ताडपत्री, बसण्या-निजण्यासाठी उंचवटा करण्याइतके साहित्य आणि दोन घोंगडी यांची तरतूद एवढ्यात होऊ शकते. एका टन उसातून सुमारे शंभर किलो साखर निघते. कोल्हापूर भागात त्याहून अधिकच. म्हणजे हा सारा भार साखरेच्या किलोमागे वीस पैशांपेक्षा जास्त नाही. वीस पैशांनी कारखाना बुडणार नाही, ऊस-उत्पादक कंगाल होणार नाही आणि ग्राहकाचा चहाही कडू होणार नाही.

उपाय अवघड नाहीत. साखर आयुक्त दरवर्षी कारखान्यांना गाळपाचा परवाना देतात. मजुरांसाठी कोरडी जागा, निवारा, पाणी व जळण यांची व्यवस्था केल्याचा दाखला त्या परवान्याची अट व्हावी. लोकरी कपड्यांचा २० अंशांचा नियम राज्यांतर्गत स्थलांतरितांनाही महाराष्ट्राने स्वतःहून लागू करावा. घरकुलाच्या आराखड्यात पत्र्याखाली आढे, धुराला वाट आणि पाणी तापविण्याची सोय यांसाठी स्वतंत्र रक्कम असावी. इंग्लंडमध्ये सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य अंशावर वा त्याखाली राहिले, तर गरीब कुटुंबांना २५ पौंड मिळतात. आपल्याला शून्य अंशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या घरांच्या मानाने आपले शून्य दहा-बारा अंशांवरच येते.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनाही येथे करण्याजोगे काही आहे. प्रत्येक शाळेत पंधरा-वीस घरांतील पहाटेचे तापमान एक महिनाभर टिपून ठेवले, तरी जिल्ह्याला आज नसलेली माहिती हाती येईल. प्रशासन आकड्यांची भाषा बोलते. तेव्हा कुडकुडणाऱ्यांच्या वतीने आकडे उभे करणे हे साक्षरांचे कर्तव्य ठरते. बर्फ ज्यांच्या दारात पडतो त्यांना निसर्गच दरवर्षी तयारीची आठवण देतो. आपल्या दारात तो पडत नाही, म्हणून ती आठवण आपणच एकमेकांना द्यावयास हवी.