मुलगा गावाला आहे



आमच्या चाळीत एका घरचा तरणाताठा मुलगा दोन वर्षे आतल्या खोलीत होता. कुणी विचारले की त्याची आई सांगायची, "गावाला आहे." बहिणीचे लग्न जमायचे होते, म्हणून भाऊ लपवला. त्या माउलीला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? दारावरून जाताना 'वेड्याचे घर' म्हणणारे आपणच!

अशी माणसे नजरेआड केली की काय होते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी देशाने पाहिले. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमाला पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले. पळणार कुठे? २८ जीव गेले. गुण येईल या आशेने घरच्यांनीच त्यांना तिथे आणून ठेवले होते. आपल्याकडे अंगारे-धुपारे करणारे तरी दुसरे काय करतात?

सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा स्वतःहून दखल घेतली. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, २९ मे २०१८ पासून लागू झाला. मी पडलो कारकून, कायदा कलमासकट वाचायची सवय. कलम ९५ : रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायचे नाही. कलम १८ : दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सरकारी ठिकाणी मोफत उपचार, कार्ड हाताशी असो वा नसो. हे कलम पाठच करा. खिडकीवरचा बाबू कार्ड मागणारच! कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने शरीराच्या आजारासारखाच मनाचा आजारही धरायचा आहे. आणि कलम २४ वृत्तपत्रवाल्यांसाठी : उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय छापायचा नाही.

पण 'माथेफिरूचा धुडगूस' असा मथळा देऊ नका, असे कलम कुठून आणणार? सिनेमात वेड्यांचे इस्पितळ म्हणजे हमखास हशा. 'देवराई' (२००४) सारखा मराठी चित्रपट विरळा. त्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला बहीण सांभाळते. हसू येत नाही, आपल्याच घरातले कुणी आठवते.

त्या मुलाला शेवटी सरकारी दवाखान्यात नेले. गोळ्या चालू आहेत, कधी चुकतात, पुन्हा त्रास होतो. पण आता तो बाकड्यावर बसून पेपर वाचतो. मी त्याच्या आईला सरकारचा टेलीमानसचा १४४१६ हा मोफत फोन नंबर लिहून दिला होता, त्यावर मराठीतही बोलता येते. परवा ती म्हणाली, "भाऊ, तो नंबर परत द्या. पलीकडच्या गल्लीतल्या बाईला हवाय. तिचाही मुलगा गावाला आहे."