पहाऱ्यावरच्या पेशी

क्षय हा शब्द मराठीत आहे तसाच कन्नडमध्येही आहे. तो लपवायची रीतही दोन्ही भाषांतल्या घरांत सारखीच. आजाऱ्याचे ताट-तांब्या वेगळा होतो आणि शेजारी कळू देत नाहीत, कारण घरात लग्नाची मुलगी असते. वास्तविक हा रोग ताटावाटे जातच नाही, तो खोकल्याबरोबर हवेतून जातो. निपाणीकडच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, आजीजवळ मीच झोपते, मग मला कसा नाही झाला?" विषय माझा नव्हे, म्हणून शास्त्र शिकवणाऱ्या मित्राकडे बसून समजून घेतले.

श्वासातून आलेला जंतू फुप्फुसाच्या वायुकोशात उतरतो. तिथे महाभक्षी पेशी पहाऱ्यावर असतात. जंतूच्या मेणचट वेष्टणावरच्या खुणांवरून त्या परका कोण ते ओळखतात. ओळखणाऱ्या या रेणूंपैकी काहींचे नाव ‘टोल’. आपल्या कोगनोळीच्या टोलनाक्याशी त्याचा संबंध नाही, जर्मन भाषेत ‘टोल’ म्हणजे भन्नाट!

पेशी जंतूला गिळते आणि आंबट रसात जिरवू पाहते. पण क्षयाचा जंतू मोठा बेरकी. तो रस आपल्या कप्प्यात येऊच देत नाही, गिळणाऱ्याच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो. मग ती पेशी इतरांना सांगावा धाडते आणि साऱ्या मिळून त्याच्याभोवती गढी उभारतात. काहींच्या अंगात तो पहिल्याच झटापटीत संपतो, काहींच्या गढीत जन्मभर कोंडून पडतो. संसर्ग झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना आजार होतच नाही.

गढी ढासळते ती मधुमेहाने, एचआयव्हीने, उपासमारीने आणि धुराने. विडीचा धूर या पहारेकऱ्यांनाच दुबळे करतो. विडी वळून चूल पेटवणाऱ्या बायकांच्या गावाविषयी हे लिहिणे जिवावर येते, तरी लिहितो.

अन्नाचे तर मोजून दाखवले आहे. मंगळूरच्या येनेपोया मेडिकल कॉलेजचे डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडात रुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ आणि डाळ दिली. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : त्या घरांत नवा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. रुग्णाला औषध चालू असेपर्यंत, नोव्हेंबर २०२४ पासून, दरमहा १००० रुपये आहारासाठी मिळतात. घरच्यांसाठी प्रतिबंधक गोळ्याही असतात, त्या मागून घ्याव्यात.