बायांच्या झाडांची नोंद बायांना विचारून करा

प्रति,
अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर

महोदय,


आमच्या झाडीपट्टीत पावसाळा लागला की कुंपणाच्या झुडपांवर कळलावी चढते. पानाचं टोक लांबत जाऊन वळतं, शेजारची काडी धरतं आणि वेल वर सरकतो. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक. जमिनीत दोन फाट्यांचा कंद. अडलेलं बाळंतपण सोडवायला आणि नको असलेला गर्भ पाडायला हाच कंद पूर्वापार वापरला गेला. त्यात कोल्चिसिन नावाचं जहर आहे. खायचा कंद समजून तो पोटात गेल्याने माणसं दगावली आहेत.

हे सारं गावात कोणाला ठाऊक असतं? सुईणीला, आजीला, मोहफुलं वेचणाऱ्या बायांना. पाळी चुकली की पहिली कुजबुज तिथंच होते. पळसाचं बी, जास्वंदीचं फूल, गुंज, पिंपळी, वावडिंग ही नावं त्या कुजबुजीतली. लोक जैवविविधता नोंदवहीत औषधी वनस्पतींना जागा आहे. पण विचारणारा पुरुष आणि शेजारी गावची पुढारी मंडळी बसलेली, अशा वेळी कोणती बाई तोंड उघडेल? खोकल्याला तुळस सांगून ती मोकळी होणार. त्यात हरित लवादाने नोंदवह्यांसाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली होती. असल्या गोष्टी मुदतीच्या घाईत कागदावर येत नाहीत. वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोलीत, बायांचं झाडांविषयीचं बोलणं डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात आणलं, तिथं आधी विश्वास जोडावा लागला.

म्हणून आमच्या कारध्यासह गावोगावच्या नोंदवह्या पुन्हा उघडा. 2004 च्या जैवविविधता नियमांनी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत किमान एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या होत्या. समितीतल्या महिला सदस्यांनी आशाताईंना सोबत घेऊन घरात, चुलीपाशी बसून विचारावं. मात्रा आणि कृती उघड्या कागदावर नकोच. सांगणारीचं नावही तिच्या मर्जीशिवाय नको. पण प्रत्येक वनस्पतीपुढे धोका ठळक लिहा. गुंजेच्या बीत अ‍ॅब्रिन आहे. जास्वंदीच्या फुलाचे प्रयोग 1970च्या दशकात उंदरांवर झाले, तेवढ्याने ते बाईचं औषध ठरत नाही. जुनं ते सगळं निर्धोक, हा समज मला फार घातक वाटतो.

ही नोंद दवाखान्यालाही हवी आहे. मुळी घेतलेली बाई रक्तस्राव घेऊन येते, लाजेने काही सांगत नाही, आणि तिच्या पोटात काय गेलं ते डॉक्टरला कळत नाही. आपल्या भागात कोणत्या महिन्यात कोणतं झाड वापरलं जातं, याची यादी त्याच्या टेबलावर असली तर उपचाराची दिशा लवकर सापडेल.

विचारायला जाणाऱ्या बाईने परतताना एवढं सांगून यावं: ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी आणि ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि डॉक्टरकडून गर्भपात करून घेण्याची सोय 1971 च्या कायद्याने दिली आहे.

आपली,
कारधा, जि. भंडारा येथील एक रहिवासी