नववीतले 43

1 मेला झेंडावंदन झालं की आमच्या अंबाजोगाईत घरोघरी निकाल पोचतात. त्या दिवशी दुपारी, ऊन रणरणत असताना, आमच्या गल्लीतली एक बाई लेकीला घेऊन दारात उभी राहिली. नवरा एसटीत वाहक, ही घरी शिवणकाम करते. माझ्या ब्लाउजची मापं तिच्या वहीत कायमची लिहिलेली आहेत, इतकी जुनी ओळख. पाण्याचा तांब्या समोर ठेवला तरी तिने हात लावला नाही. पिशवीतून घडी घातलेलं गुणपत्रक काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मॅडम, खरं काय ते सांगा. हिचं डॉक्टर व्हायचं आता राहिलंच का?"

नववीचं गुणपत्रक होतं. विज्ञान 57, गणित 43. पोरगी चौकटीला टेकून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्या वडिलांनी सकाळीच सांगून टाकलं होतं की एवढ्या मार्कांत कुणी डॉक्टर होत नसतं, उगाच आशा लावू नका.

मी 31 वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारलाय. बाजारात, लग्नात, एकदा तर दशक्रियेच्या पंगतीत. गावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. आमच्या बोलण्यात ते 'स्वाराती', नाहीतर नुसतंच 'मेडिकल'. पांढरे कोट घातलेली वीस-बावीस वर्षांची मुलं चहाच्या गाड्यावर उभी असलेली आमची लेकरं लहानपणापासून बघतात. त्यामुळे इथे डॉक्टर होण्याचं स्वप्न लांबचं नाही, रस्त्यापलीकडचं आहे. आणि म्हणूनच चौदाव्या वर्षी कुणी "तुझं नाही जमायचं" म्हटलं, तर पुढची कितीतरी वर्षं तो रस्ता रोज डोळ्यांसमोर राहतो.

आईला आधी सरळ उत्तर दिलं. एमबीबीएसच्या प्रवेशात नववीचे गुण कुणीही विचारत नाही. दहावीचेही नाही. दहावीचं प्रमाणपत्र लागतं ते जन्मतारखेसाठी, आणि राज्याच्या 85 टक्के जागांसाठी साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून पास झाल्याचा पुरावा म्हणून. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला 50 टक्के आणि राखीव गटाला 40 टक्के हवेत. त्यापुढे सगळं 'नीट' या प्रवेश परीक्षेवर. सध्याच्या पद्धतीत 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला 4, चुकलं तर 1 वजा. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनचे, प्रत्येकी 45. परीक्षा कितीदा द्यावी याला बंधन नाही आणि वयाची वरची अटही आता राहिलेली नाही.

दार बदलत आलंय, हेही तिला सांगितलं. माझ्या वेळी बारावीच्या पीसीबीच्या गुणांवर मेडिकल मिळायचं. मग राज्याची सीईटी आली. नीट पहिल्यांदा 2013 मध्ये झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि 2016 मध्ये पुन्हा आणली. या सगळ्या उलथापालथीत नववीला कधीच कुणी धरलं नाही.

एक वर्ष मात्र असं आलं की नववीच्या गुणांना खरोखर वजन मिळालं. 2021 मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली, आणि मंडळाने 100 पैकी 50 गुण नववीच्या निकालावरून दिले. उरलेले दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनातून. गंमत नाही, दुःख वाटावं अशी गोष्ट पुढे आहे. त्याच मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत रद्द झाली होती. म्हणजे 2019 च्या दिवाळीआधी दिलेली सहामाही परीक्षा, जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, ती त्या मुलांच्या दहावीच्या निकालात जाऊन बसली. अकरावीच्या प्रवेशासाठी वेगळी सीईटी घ्यायचं ठरलं, तर तीही मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. चांगल्या कॉलेजची आस लावून बसलेली एक मुलगी तेव्हा माझ्याकडे येऊन रडली होती. सहामाहीच्या वेळी तिला कावीळ झाली होती. पण त्या मुलांनीही पुढे नीट दिली तेव्हा त्यांची नववी कुणी काढून पाहिली नाही.

हे ऐकून आईचा चेहरा सैल झाला. "म्हणजे काही फरक पडत नाही ना?" असं म्हणत तिने कुठे तांब्या उचलला. आणि इथेच मला तिला थांबवावं लागलं.

कारण "नववीला कोण विचारतं?" हे वाक्यही तेवढंच घातक आहे. मी ते शिक्षकांच्या तोंडून ऐकलंय. त्यात बरीच वर्षं आठवीपर्यंत नापास करायचं नव्हतं आणि दहावीला बोर्ड, म्हणून मधली नववी ही विश्रांतीची धर्मशाळा झाली. काही शाळांत तर दिवाळीनंतर नववी गुंडाळून दहावीचं पुस्तक सुरू करतात. आता नववीच्या विज्ञानाचं पुस्तक उघडा. पहिला पाठ गतीचे नियम. दुसरा कार्य आणि ऊर्जा. तिसरा धाराविद्युत. चौथा द्रव्याचे मोजमाप, त्यात रेणुवस्तुमान आणि मोल. पाचवा आम्ल, आम्लारी व क्षार. अकरावीत यांतला एकेक पाठ फुगून चाळीस-पन्नास पानांचा होतो, आणि शिकवणारा धरून चालतो की पाया भरलेला आहे. गणितात गुणोत्तर-प्रमाण आहे, आलेख आहेत, त्रिकोणमितीची पहिली ओळख आहे. उतरणीवर ठेवलेल्या ठोकळ्याचं गणित नीटमध्ये यायचंच. ज्याला साइन आणि कोसाइन म्हणजे काय हे कळलं नाही, तो त्या ठोकळ्यापाशी कायमचा अडतो.

मराठी माध्यमाच्या लेकरांचं याहून अवघड. नववीत मूल 'संवेग' शिकतं, 'त्वरण' शिकतं, 'जडत्व' शिकतं. अकरावी विज्ञानाला येतं तेव्हा फळ्यावर मोमेंटम, ॲक्सिलरेशन, इनर्शिया. त्याला वाटतं, हे आपण कधी शिकलोच नाही, बाकीच्यांना येतंय आणि आपणच मठ्ठ. खरं म्हणजे त्याला सगळं येत असतं, फक्त नावं बदललेली असतात. मी पहिले पंधरा दिवस फळ्याच्या कडेला दोन रकाने आखून ठेवायची, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. ज्या मुलाने नववीत संवेग समजून घेतला होता, त्याचे डोळे त्या रकान्याकडे बघून चमकायचे. नुसता पाठ केला होता, त्याला दोन्ही शब्द सारखेच परके. नीट मराठीतही देता येते, पण वर्ग, पुस्तकं, सराव प्रश्न सगळं इंग्रजीत असताना ती वाट धरणारं मूल माझ्या वर्गात क्वचितच दिसलं.

अकरावीच्या पहिल्या आठवड्यात मी आणखी एक करायची. नववीच्या पुस्तकातले वीस सोपे प्रश्न द्यायची, नाव न लिहिता सोडवायला. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? 36 ग्रॅम पाण्यात किती मोल? वेग-काळाचा आलेख आडवा गेला तर गाडी थांबलीय का चाललीय? दहावीला नव्वदच्या वर गेलेली मुलं त्यात अडखळायची. 5 भागिले 18 ने गुणायचं का 18 भागिले 5 ने, हे सूत्र पाठ असायचं आणि नेमकं उलटं वापरलं जायचं. आणि दर वर्षी साठ-पासष्ट टक्क्यांची दोन-तीन मुलं अशी निघायची की ज्यांचा कागद बघून मी खुर्चीत सरळ बसायची. नाव लिहायचं नव्हतं तरी अक्षरावरून ओळखू यायचे. त्यांतला एक मुलगा दुसऱ्या प्रयत्नात एमबीबीएसला लागला. नव्वदवाल्यांतलेही लागलेच, नाही असं नाही. पण दहावीचा टक्का पाहून मी कुणाचं भविष्य सांगणं त्या कागदांनी कायमचं बंद केलं.

नुसता आकडा फसवतो. नीटचंच बघा ना. 2024 च्या पहिल्या निकालात 67 मुलांना 720 पैकी 720 होते, वादानंतर ते 17 वर आले. आणि 2025 मध्ये पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याला 686. मग शाळेच्या नववीच्या एका पेपरातल्या 43 वरून काय ओळखायचं?

ओळखायचं ते एवढंच, की बाकीचे 57 गेले कुठे.

म्हणून मी पोरीला जवळ बोलावलं. "बस इथे. तुझ्या पप्पांची गाडी लातूर रोडला ताशी 72 ने चाललीय. एका सेकंदात किती पुढे जाईल?"

ती छताकडे बघत बसली. ओठ हलत होते. आई मध्येच, "अगं सूत्र आठव ना," म्हणाली, मी तिला गप्प केलं. मिनिटभराने पोरगी म्हणाली, "72 हजार मीटर... तासाचे 3600 सेकंद... वीस. वीस मीटर." आणि लगेच पुढे, "पण त्यांची गाडी एवढी पळत नाही."

सूत्र तिला येतच नव्हतं. मला मनापासून आनंद झाला.

मग विचारलं, गणिताच्या दोन पेपरांत वेगवेगळे किती? बीजगणितात 40 पैकी 21, भूमितीत 40 पैकी 8, तोंडी आणि गृहपाठाचे 14. भूमितीत 8 का? पोरगी गप्प. आईने सांगितलं. जानेवारीत सासूबाई पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, 'मेडिकल'ला ॲडमिट केलं. हिला शिवणाची लग्नसराईची कामं, नवऱ्याची ड्यूटी. आजीजवळ दिवसा पोरगीच. तीन आठवडे ती वॉर्डात पलंगाखाली चटई टाकून बसली. वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, सगळं त्याच दिवसांत वर्गात शिकवून झालं. आणि त्याच वॉर्डात रात्रपाळी संपवून तिथेच टेबलावर डोकं टेकून झोपलेली एक इंटर्न ताई तिने पाहिली, जी उठल्यावर आधी आजीची पट्टी बघायला यायची. डॉक्टर व्हायचं खूळ, आईच्या शब्दांत, तिथून शिरलं.

ज्या तीन आठवड्यांनी तिचे गुण नेले, त्याच तीन आठवड्यांनी तिला ही इच्छा दिली. गुणपत्रकात यातलं पहिलंच तेवढं उतरलं.

संध्याकाळी वडील ड्यूटीवरून आले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. त्यांना कुणी तरी लातूरच्या 'फाउंडेशन'चं सांगितलं होतं. नववी-दहावीपासूनच नीटची तयारी, राहायची खोली, मेस, वर्षाचा खर्च ऐकून ते पतसंस्थेत चौकशी करून आले होते. म्हणजे सकाळी "आशा लावू नका" म्हणणारा बाप दुपारी कर्ज विचारून आला होता. मला त्या माणसाविषयी फार माया वाटली. पण मी स्पष्ट सांगितलं की हे करू नका. चौदा वर्षांचं लेकरू परक्या खोलीत ठेवून, दर रविवारी चाचणी आणि दर सोमवारी भिंतीवर क्रमांक, यातून काय होतं ते मी पाहिलंय. लातूरला जायचं असेल तर अकरावीला जाईल, तेव्हा जायची तिची तयारीही झालेली असेल. खर्च करायचाच असेल तर तो तेव्हासाठी राखा, कारण नीट पहिल्या प्रयत्नात सुटली नाही तर रिपीटचं वर्ष येतं, आणि खाजगी कॉलेजची फी तुमच्या-माझ्या आवाक्यातली नाही. सरकारी जागेसाठी फार गुण लागतात. सगळ्यांनाच मिळत नाही, हिलाही मिळेलच असं मी लिहून देणार नाही. पण ते सतराव्या-अठराव्या वर्षी ठरू द्या. आज फक्त भूमितीचे काही धडे राहिलेत, तेवढंच खरं आहे.

ते बराच वेळ तिकिटाचं मशीन मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही शिकवाल का?"

सुट्टीभर ती सकाळी सात वाजता येते, ऊन चढायच्या आत. चौकोन झाले, वर्तुळ झालं, परवा त्रिकोणमितीला हात घातला. मी सांगितलं, काटकोन त्रिकोणात 30 अंशाच्या कोनासमोरची बाजू कर्णाच्या निम्मी, म्हणून साइन 30 बरोबर अर्धा. तिने वहीत लिहिलं, आणि पेन्सिल तोंडात धरून थांबली.

"मॅडम, त्रिकोण मोठा काढला तरी अर्धाच? मोठ्या त्रिकोणात जास्त नाही होणार?"

इतकी वर्षं शिकवताना हा प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला असेल. बाकीच्यांनी अर्धा लिहिलं आणि पान उलटलं. मी उत्तर दिलं नाही. कपाटातून पट्टी आणि कोनमापक काढून तिच्यापुढे ठेवले. तिने एक त्रिकोण काढला, मोजला, 3 आणि 6. दुसरा काढला, 5 आणि 10. मग पान बाजूला सारून तिने माझ्याकडचं जुनं कॅलेंडर मागितलं, उलटं जमिनीवर पसरलं, आणि त्याच्या पाठीवर गुडघे टेकून तिसरा त्रिकोण काढायला घेतला.