मणभर दूध आणि मार्क बोलन
कानसेन

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं आपण म्हणतो. कलावंत गेला की त्याचं शेवटचं काम रातोरात थोर ठरतं, आणि रॉकच्या दुनियेत तर हा रतीब वर्षानुवर्षं चालू आहे. टी. रेक्सचा ‘डँडी इन द अंडरवर्ल्ड’ हा अल्बम मात्र त्यात बसत नाही. या म्हशीचं दूध ती गोठ्यात उभी असतानाच मोजलं गेलं होतं, आणि माझ्या मते ते मापही बरोबर होतं.

१९७१ साली टी. रेक्सचा म्होरक्या मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये ‘हॉट लव्ह’ गायला. ग्लॅम रॉकची सुरुवात तिथून धरायची प्रथा आहे. त्याच वर्षी ‘इलेक्ट्रिक वॉरियर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. मग १९७४ मध्ये निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी बाजूला झाला आणि ‘हे नको, ते काढ’ म्हणणारं स्टुडिओत कोणी उरलं नाही. बोलनचं अंग सुटलं, गाणीही सुटली. १९७५चा ‘बोलन्स झिप गन’ यादीत शिरलाच नाही. पुढच्या वर्षीचा ‘फ्युचरिस्टिक ड्रॅगन’ पन्नासाव्या जागेवर थांबला. समीक्षकांनी तर त्याचं नाव केव्हाच खोडलं होतं.

मार्च १९७७ मध्ये ‘डँडी’ आला तो पंकच्या ऐन धुमाळीत. जुने तारे पंकवाल्या पोरांकडे बघून नाकं मुरडत होते. बोलनने ‘द डॅम्ड’ या पंक बँडला आपल्या दौऱ्यावरच घेतलं. हा धूर्तपणा होता की खरं प्रेम? दोन्ही असावं. पण अल्बममध्ये पंकची नक्कल नाही, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. गाणी आटोपशीर आहेत, आवाज ताळ्यावर आहे. बासवर हर्बी फ्लॉवर्स (लू रीडच्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’मधला तो घसरता बास त्याचाच), ड्रम्सवर टोनी न्यूमन. अशा मुरलेल्या वादकांपुढे पसारा मांडायची सोय नसते. शीर्षकगीत तर बोलनच्या पहिल्या पाच गाण्यांत बसावं: संथ, थोडं थकलेलं, मागे स्टीव्ह हार्लीचा आवाज. उलट ‘जेसन बी. सॅड’ म्हणजे त्याच्याच जुन्या ‘गेट इट ऑन’चा सदरा उसवून पुन्हा शिवलेला. त्या वेळच्या परीक्षणांचा सूरही साधारण हाच होता: गडी परत आलाय, पूर्वीइतका नाही, पण आलाय. बऱ्याच वर्षांनी त्याच्या वाट्याला बरे शब्द आले. अल्बम सव्विसाव्या क्रमांकापर्यंत चढला.

१६ सप्टेंबरच्या पहाटे लंडनच्या बार्न्स भागात जांभळी मिनी रस्ता सोडून झाडावर धडकली. गाडी त्याची जोडीदार ग्लोरिया जोन्स चालवत होती. बोलन स्वतः कधी गाडी शिकलाच नाही. तिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

तेव्हापासून या अल्बमवरचं लिखाण त्या झाडापासून सुरू होतं. नावात ‘अंडरवर्ल्ड’ आहे ना, मग पाताळाची चाहूल लागली होती म्हणे! मला हा प्रकार खटकतो. त्या उन्हाळ्यात हा माणूस ग्रॅनडा टीव्हीवर ‘मार्क’ नावाचा स्वतःचा कार्यक्रम करत होता, जनरेशन एक्स आणि द जॅमसारख्या नव्या पोरांना त्यात गायला बोलावत होता, वजन उतरवून उजळ दिसत होता. निरवानिरव करणाऱ्याची ही लक्षणं नव्हेत. पुढचा अल्बम याहून चांगला झाला असता, असं हा ऐकताना मला दर वेळी वाटतं. शकुन शोधणाऱ्यांना नेमकं तेच ऐकू येत नाही.

ज्या शीर्षकगीतात आज सगळ्यांना भविष्यवाणी दिसते, त्याची सिंगल बोलन जिवंत असतानाच निघाली होती. ती ब्रिटनच्या यादीत आलीच नाही.