युद्धनौकेचा फोटो पाण्याच्या वरचाच का निघतो?

मंडळी, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तर पूर्ण वाचा, अर्धी वाचून कमेंट करू नका.

15 जानेवारी 2025 ला मुंबईच्या नौदल गोदीत पंतप्रधानांच्या हस्ते सुरत आणि निलगिरी या युद्धनौका आणि वागशीर ही पाणबुडी नौदलात दाखल झाली. साकोलीतल्या प्रत्येक ग्रुपवर ते फोटो आले. त्याच्या नऊ दिवसांनी, 24 जानेवारीला, आपल्याच जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. छत कोसळलं आणि आठ कामगार गेले. ते फोटोसुद्धा आले, चार दिवस फिरले, मग थांबले.

या दोन गोष्टी मी शेजारी ठेवतो, कारण आपली एक सवय त्यात दिसते. जे मारतं त्याचा आपण फोटो काढतो. जे वाचवतं त्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी विचारत नाही. कारखान्यात तेच, समुद्रात तेच.

"समुद्राशी साकोलीचा काय संबंध जी?" असं कोणीतरी विचारणारच. आपल्या तालुक्यातली पोरं पहाटे रस्त्यावर धावतात ती भरतीसाठीच ना? त्यातलं एखादं नौदलात अग्निवीर म्हणून जातं. जहाजावर गेलं की ते बहुतेक वेळ पाण्याच्या रेषेखालीच काम करतं, इंजिनजवळ, पंपाजवळ. पाणसुरुंग आणि पाणतीर तिथंच लागतो. आता सांगा, संबंध आहे की नाही?

9 डिसेंबर 1971 ची रात्र. दीवपासून दूर अरबी समुद्रात खुकरी आणि किरपाण या आपल्या दोन फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होत्या. त्या पाणबुडीचं नाव हँगोर. फ्रेंच बनावटीची, आणि तिचे कान आपल्या जहाजांपेक्षा लांबचं ऐकणारे. म्हणजे शिकारी आपण होतो, पण आधी दिसलो आपणच. त्यात खुकरीवर सोनारची क्षमता वाढवण्याचा एक प्रयोग सुरू होता, त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. हँगोरचा पहिला पाणतीर किरपाणला चुकला. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज बुडालं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

दरवर्षी 9 डिसेंबरला आपण मुल्लांना सलाम करतो, तो केलाच पाहिजे. पण कप्तान जहाजासोबत गेला हे सांगताना जहाज इतक्या लवकर का गेलं, हा प्रश्न आपण गिळून टाकतो. शौर्याच्या गोष्टीत साधनांची कमतरता झाकून जाते. 194 घरांच्या वाट्याला दोन्ही आलं, शौर्यही आणि कमतरताही.

पाणतीर इतका वाईट का, हे आपल्या तलावांच्या जिल्ह्यात सांगायला सोपं आहे. तलावात जिलेटिन फोडून मासे मारणारे काही महाभाग असतात. स्फोट एका जागी होतो, पण दूरवरचे मासे पोट वर करून तरंगतात. कारण हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. धक्का जसाच्या तसा पुढे जातो. जहाजाच्या पोटावर तोच धक्का बसतो, फक्त बारूद दोन-तीनशे किलो असते.

यावर जगानं उपाय शोधले नाहीत असं नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जहाजांच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पोकळ फुगवटे बसवले. स्फोट फुगवट्यात व्हावा, आतल्या भिंतीपर्यंत पोचू नये, ही कल्पना. पुढे कप्प्यांचे थर आले. एक रिकामा, एक तेल किंवा पाण्यानं भरलेला, परत एक रिकामा आणि मागे जाड पोलादी भिंत. जपानच्या मुसाशीसारखी महाकाय युद्धनौका ऑक्टोबर 1944 मध्ये बुडवायला अमेरिकनांना डझनाहून जास्त पाणतीर आणि वरून बॉम्ब लागले. तरी बुडालीच.

आणि पाणतीर बदलला. आता तो बाजूला आदळत नाही, जहाजाच्या तळाखाली जाऊन फुटतो. स्फोटाच्या वायूचा प्रचंड बुडबुडा जहाजाला मधून वर उचलतो, मग बुडबुडा बसतो आणि जहाजाच्या मधल्या भागाखालचा आधारच जातो. कणाच मोडतो. बाजूचे फुगवटे इथं काय करणार? 26 मार्च 2010 ला दक्षिण कोरियाचं चोनान जहाज असंच मधून दोन तुकडे होऊन बुडालं. 46 नौसैनिक गेले. तपास समितीनं पाणतीराचाच निष्कर्ष काढला. उत्तर कोरियानं तो नाकारला, पण जहाजाचे दोन तुकडे तर सगळ्या जगानं पाहिले.

म्हणून आज संरक्षण म्हणजे जाड पत्रा नाही. आधी ऐकणं, मग फसवणं, आणि लागलंच तर तरंगत राहणं. या तिन्हीत आपण कसे वागलो ते बघा.

ऐकणं. उन्हाळ्यात तलावात उतरलात तर वरचं पाणी कोमट आणि पायाशी गार लागतं. समुद्रातही तसेच थर असतात. जहाजाच्या तळाला बसवलेल्या सोनारचा आवाज त्या थरावर वाकतो, आणि पाणबुडी खाली निवांत लपते. म्हणून जहाजामागे लांब केबलवर ओढायचं सोनार लागतं, जे थराच्या खाली सोडता येतं. आपल्याकडे त्यासाठी नागन नावाचा स्वदेशी प्रकल्प वर्षानुवर्षे चालला आणि 2012 मध्ये गुंडाळला. 16 ऑगस्ट 2014 ला कोलकाता ही विनाशिका मुंबईत वाजतगाजत दाखल झाली, तेव्हा तिच्याकडे हे सक्रिय ओढसोनार नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मन कंपनीशी सहा संचांचा करार झाला, तोही जुन्या जहाजांसाठी. एक सरकार गेलं, दुसरं आलं, त्यामुळे या मुद्द्यावर कोणत्याच पक्षाच्या कार्यकर्त्यानं छाती फुगवू नये.

पाणबुडी शोधणारी हेलिकॉप्टरं तशीच. नवी 24 घ्यायचा करार फेब्रुवारी 2020 मध्ये झाला, त्यांचं पहिलं पथक मार्च 2024 मध्ये कोचीला उभं राहिलं. तोवर जहाजं दाखल होतच होती.

फसवणं. इथं चांगलं बोललं पाहिजे. आपल्या शास्त्रज्ञांनी मारीच नावाची यंत्रणा बनवली आणि 2020 मध्ये ती नौदलात आली. नाव बरोबर ठेवलंय. सोन्याचं हरीण होऊन रामाला दूर नेणारा मारीच. येणारा पाणतीर ओळखायचा आणि खोट्या आवाजानं त्याला भलतीकडे न्यायचं. साकोलीच्या किती लोकांना हे नाव माहीत आहे? ब्रह्मोस मात्र शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. जून 2025 मध्ये दाखल झालेली अर्नाळा ही खास पाणबुडीविरोधी नौका. वसईजवळच्या किल्ल्याचं नाव तिला दिलंय. तिची बातमी आपल्याकडे किती कॉलम चालली?

तरंगत राहणं. इथं मान खाली जाते. ऑगस्ट 2013 मध्ये सिंधुरक्षक पाणबुडी मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन बुडाली, 18 जण गेले. 2016 मध्ये बेतवा त्याच गोदीत कलंडली. जुलै 2024 मध्ये ब्रह्मपुत्रेला तिथंच आग लागली आणि ती एका कुशीवर पडली. यातल्या एकाही वेळी शत्रू आला नव्हता. बंदरात उभं जहाज आपल्याला सांभाळता येत नसेल, तर खोल समुद्रात पोटाला भोक पडल्यावर काय होईल?

आता काही जण म्हणतील, ही गोपनीय माहिती आहे, पत्रकारानं यात नाक खुपसू नये. भाऊ, मी सोनारची रेंज मागत नाही. शत्रूला जे माहीत आहे ते आपल्याच करदात्याला सांगायचं नाही, याला गोपनीयता म्हणत नाहीत. दुसरे म्हणतील, आता क्षेपणास्त्रांचा जमाना आहे. मग शेजारी देश पाणबुड्या कशाला घेत सुटलेत? पाकिस्ताननं चीनकडून आठ पाणबुड्यांचा व्यवहार केलाय, आणि त्या वर्गाचं नावसुद्धा हँगोरच ठेवलंय. त्यांना 1971 आठवतं. आपल्याला फक्त त्यातला विजय आठवतो.

माझं मागणं साधं आहे. पाणबुडी ऐकण्याची आणि पाणतीर चुकवण्याची पूर्ण साधनं नसलेलं जहाज नौदलात दाखल करू नका, समारंभाची तारीख पुढे गेली तरी चालेल. गोदीतल्या प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष संसदेच्या संरक्षण समितीसमोर ठेवा. जवाहरनगरच्या स्फोटाचाही ठेवा. भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी हा प्रश्न लेखी विचारावा. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं, भाषणाला नाही.

आणि आपण? पुढच्या वेळी नव्या जहाजाचा फोटो फॉरवर्ड करताना खाली एक ओळ लिहा: हिच्याकडे ओढसोनार आहे का? हजार लोकांनी विचारलं तर उत्तर द्यावंच लागेल. कोणी विचारलंच नाही, तर त्या पाण्याच्या रेषेखाली उभं असलेलं पोर आपलंच असेल.